शकूचे कान आणि रावजीशेटची गिरणी

"लेकराच्या कानांची परीक्षा बगू नको गो बाय," ठकूबाई मला म्हणाल्या होत्या. "परीक्षा एकाची असते नि नापास व्हतो दुसराच."

मी हसले. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या बाईने अशा वेळी दुसरं काय करायचं असतं? वर मी त्यांना समजावूनही सांगितलं, की ठकूबाई, परीक्षा म्हणजे शास्त्र, त्यात नापास व्हायचा प्रश्नच नसतो. त्यांनी माझी हनुवटी धरली, माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाल्या, "काय ते माज्याकडं बगून बोल. भिंतीकडं थोबाड करून बोलनारी मानसं मला खपत नाय."

ही त्यांची सवयच. ठकूबाई आमच्या घरमालकीण. पुढच्या खोल्या त्यांच्या, मागच्या दोन आमच्या. दासगावकडे भातशेती, नवरा गेलेला, मुलगा दत्ताराम मुंबईला कापडगिरणीत. तो सणावाराला यायचा आणि दर खेपेला तेच तुणतुणं वाजवायचा : "आये, चल ना मुंबईला. इदर काय ठेवलाय?" ठकूबाईंचं उत्तरही ठरलेलं. "ज्या दिवशी माजे हातपाय, डोळे, कान जातील, त्या दिवशी उचलून ने. तवर त्या तुज्या खुराड्यात मी पाय ठेवनार नाय." मायलेकांचा हा करार सगळ्या आळीला पाठ होता.

आता आळीबद्दल. महाडातल्या आमच्या आळीत एका बाजूला घरं आणि समोर रावजीशेटची भातगिरणी. सुगी आटोपली की गाड्यांवर गाड्या भात यायचं आणि तेलाचं ते इंजिन वर्षभर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ठुक्-ठुक्-ठुक् करत आमच्या भिंती, फळीवरचे डबे आणि पोटातली आमटी एका तालात हलवायचं. त्या आवाजात बोलून काही उपयोग नसे. म्हणून आळीची स्वतःची भाषा होती : हातांची आणि ओठांची. कपाळाला दोन बोटं लावली की पोस्टमन आला. नाकाजवळ चिमूट धरून गाल फुगवले की कोणाची तरी सासू आली. नवरा आला याला वेगळी खूण नव्हती, नुसता पदर सावरायचा. दोन बायका आपापल्या ओटीवर बसून, मध्ये अख्खी आळी ठेवून, नुसत्या ओठांनी भांडू शकत. मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे सगळे मला वेडावताहेत.

आमचे 'हे' बांधकाम खात्यात ओव्हरसियर. पोलादपूरच्या पुढे घाटरस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे सोमवारी जायचे ते शनिवारी उगवायचे. आळीने मला 'ओवशेरीन' अशी पदवी दिली होती. बी. ए. पेक्षा ती जास्त टिकली.

तर एका दुपारी माझ्या हातून पितळी हंड्यावरचं झाकण पडलं. दगडी फरशीवर पडलं, गिरक्या घेत घेत चुलीपर्यंत गेलं. माझ्या दातांतून कळ गेली. शकू, माझी नुकती रांगायला लागलेली मुलगी, पाठमोरी बसून जमिनीवरचं एक शीत उचलायचा उद्योग करत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी झाकण पुन्हा पाडलं. मुद्दाम. शकूने शीत तोंडात घातलं.

पहिलटकरीण बाईला काळजी करायला कारण लागत नाही. मला तर कारण मिळालं होतं. पोर जन्मापासून ऐकतच नसेल तर? मी जी अंगाई म्हणते ती भिंतींसाठीच असेल तर?

शास्त्रशुद्ध कसोटी घ्यायची तर आधी डोळ्यांना बाजूला काढावं लागतं. डोळे महाचहाडखोर. ते काहीतरी बघतात आणि कानाला जाऊन सांगतात, मग कान फुशारकी मारतो की मीच ऐकलं. म्हणून मी दोरीवर लुगडं टाकून त्यामागे दडले आणि तवा नि उलथनं घेऊन बडवायला लागले. थोडा वेळ बडवायचं, मग लुगड्याच्या फटीतून बघायचं. नेमकी तेव्हाच शेजारची बनुबाई विरजण मागायला आली. बी. ए. झालेली ओवशेरीन लुगड्याआड उकिडवी बसून रिकामा तवा बडवते आहे आणि पोर शांतपणे माझी चप्पल चाटते आहे, हे दृश्य तिने दारातून मनसोक्त पाहिलं. मग विरजण न घेताच निघून गेली. संध्याकाळी गिरणी थांबेपर्यंत बातमी ओठाओठांनी आळीच्या टोकाला पोचली होती.

त्यानंतर सल्ले. जवळच्या सव गावच्या कढत पाण्याच्या कुंडावर नेऊन कानामागे पाणी लावा, म्हणाले कोणी. लावलं, शकूला काही झालं नाही, माझे हात मात्र पोळले. कोणी म्हणालं मोठा आवाज काढल्याशिवाय कानाची झापडं उघडत नाहीत. झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाईचा नवरा शिमग्याचा ताशा घेऊन आला. एकाने देवळातला शंख आणला. एका हौशी गृहस्थाने मोटारीचा रबरी फुग्याचा भोंगा आणला आणि कोणी विचारलं तरी तो कुठून आणला हे सांगितलं नाही. बाहेर गिरणी, आत ही मंडळी. फळीवरचा मोरावळा पडला. आळीतलं कुत्रं जे पळालं ते कोणी म्हणतं पाचाडला दिसलं, खरंखोटं रायगडालाच ठाऊक. शकू काही वेळ त्या सगळ्यांकडे घरी आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी बघत राहिली, आणि मग झोपली.

झोपली! ताशाच्या मांडीला मांडी लावून!

मी रडायला लागले. ठकूबाई आल्या, त्यांनी सगळ्यांना हाताने हुसकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गुनाची हाय गो तुजी पोर. रात्रभर चिडीचूप असते. कशाला छळतंस तिला?"

हा टोमणा मला फार लागला. कारण शकू रात्री चिडीचूप नसायचीच. गिरणी बंद झाली की ती जो टाहो फोडायची, तो सगळ्या आळीला रात्री उशिरापर्यंत जागवायचा. बनुबाई सकाळी तांबारलेले डोळे मला दाखवून जायची. एकट्या ठकूबाईच म्हणायच्या, गुणाची पोर. मी मनात म्हटलं, घरमालकीण आहे, टोमणा मारायचा हक्क आहे बाईला. दिवेलागणीनंतर त्या तशाही कोणाशी बोलत नसत. "तिन्हीसांजेनंतर बोललं की लक्षुमी जाते," म्हणायच्या, आणि कधी बोलायचंच झालं तर कंदील आणून माझ्या तोंडासमोर धरायच्या. मला ती पोलिसी चौकशी वाटे.

शनिवारी हे आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नेहमीप्रमाणे गंभीर चेहऱ्याने, आणि एकच शब्द उच्चारला : "सुरुंग."

"सुरुंग काय सुरुंग?"

"सोमवारी घाटात सुरुंग उडवायचे आहेत. तो आवाज ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मेलेला असतो. उगीच तवे बडवून घरची भांडी का फोडा?"

खात्यात राहून माणसाची बुद्धी अशी रुंद होते. तरी मी गेले. एस्टीने पोलादपूर, तिथून खात्याच्या ट्रकने पुढे. शकू मोटारीत जी झोपली ती झोपलीच. कामावर रस्त्याचा रोलर धडधडत होता. त्याच्याजवळच सावली म्हणून आम्हांला बसवलं. लाल निशाण झालं, शिट्टी झाली, मजूर पांगले. मग डोंगराच्या पोटात असा काही धमाका झाला की झाडांवरचे सगळे कावळे एकदम वर गेले. मी किंचाळले. शेजारी बसलेल्या मुकादमाच्या हातातला चहा त्याच्या पटक्यावर गेला. शकूने झोपेत अंगठा तोंडात घातला.

यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. तेवढ्यात रोलरवाल्याने चहासाठी रोलर थांबवला, आणि शकूने डोळे उघडून अख्खा घाट डोक्यावर घेतला. मला वाटलं, भूक लागली असेल. मी तिला पदराखाली घेतलं. म्हणून सांगते, पदवी आणि डोकं या दोन गोष्टी एकाच माणसापाशी एकाच वेळी असतीलच असं नाही.

महाडच्या डॉक्टरांनी शकूच्या कानात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, आत सगळं ठीक दिसतंय. पण ऐकू येतं की नाही हे शांततेतच कळेल. दिवसा, मूल जागं नि खुशीत असताना, हळू आवाज करून बघा. आता ही शांतता आणायची कुठून? दिवसा गिरणी. रात्री गिरणी नसे तेव्हा शकू रडे. दुसऱ्या गावी निवांत जागी नेली की तिथेही रडे. माणसं नवीन, मी म्हणायचे. शांतता आणि खुशीतली शकू या दोन वस्तू एकत्र मिळतच नव्हत्या.

मी रावजीशेटकडे गेले. "दुपारची थोडा वेळ गिरणी थांबवाल का?"

शेटनी कपाळाला हात लावला. "ओवशेरीनबाई, इंजिन म्हंजे काय पाटा-वरवंटा हाय का, उचलला नि ठेवला? एकदा थंड झाला की इंजिनवाल्या हैबतीची सकाळ जाते त्याला चाक मारून उठवायला. भायेर गाड्या उभ्या. त्यापेक्षा असं करा, कचेरीतून कागद आना. कागद असला म्हंजे गाडीवाल्यांना दाखवता येतो."

कचेरीतल्या कारकुनाने माझा अर्ज उलटासुलटा वाचला. "बाई, लग्नाचा वाजंत्रीचा असेल तर अर्ज आहे. तमाशाचा आहे. मिरवणुकीचा आहे. गोंगाट करायची परवानगी आम्ही देतो. शांततेची कशी देणार? तसं कलमच नाही."

"मग शांतता हवी असेल तर?"

"तिला परवानगी लागत नाही. करा तुम्ही."

मी उन्हातून घरी आले. त्या दिवशी मला कळलं की देशात शांतता कायदेशीर आहे, पण मिळत नाही.

काम झालं ते बनुबाईच्या तोंडामुळे. तिने आळीत उठवलं की गिरणीच्या आवाजानेच पोर बहिरी झाली. बातमी भाताच्या गाड्यांबरोबर खेड्यांत गेली, आणि लेकुरवाळ्या बायका नवऱ्यांना सांगू लागल्या, भात दुसरीकडे न्या. रावजीशेट तणतणत आमच्या दारात. "गिरनीच्या अब्रूचा प्रश्न हाय! गुरवारी दुपारी थांबवतो. सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या काय ते!"

ठकूबाईंनी हे ऐकलं (म्हणजे शेटच्या तोंडाकडे पाहत होत्या), आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आत येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "नको गो. गिरनी बंद नको करू. आपशकुन असतो."

"अहो, रोज रात्री बंद होते की."

"रातीची वायली. दिवसाची बंद नको."

मी पुन्हा हसले. हसण्याची सवय लागली की सुटत नाही.

गुरुवार आला. हे खास रजा काढून घरी थांबले होते. आमच्या ओटीवर आळी जमली. त्याच सकाळी दत्ताराम मुंबईहून न कळवता टपकला होता. परटाची इस्त्री, तेल चोपडलेला भांग. "वैनी, फिकर नाय करायचा," तो माझ्या कानाशी ओरडला. "फष्टक्लास ऐकेल बच्ची." ठकूबाई अंगणाच्या कडेला वाल सोलत बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं दिसतील अशा. शकू चटईवर, हातात लाकडी रवी, खुशीत. रावजीशेटनी उपरणं हलवलं. पलीकडे हैबतीने इंजिनचं तेल तोडलं.

ठुक्. ठुक्... ठुक्...... मग काही नाही.

ती शांतता कशी सांगू! वर्षानुवर्षं ज्या भिंतीला टेकून बसलो ती कोणी एकदम काढून घ्यावी तशी सगळी माणसं हेलपाटली. आणि मधल्या मध्ये एक वाक्य सापडलं. बनुबाई तिच्या जावेच्या कानाशी जे ओरडून सांगत होती, ते तसंच्या तसं अख्ख्या आळीने ऐकलं : "...शिकलेली हाय, पन आमटीत मीठ टाकायला ईसरते ती ईसरतेच!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अब्रू गोळा करायच्या बेतात होते, तेवढ्यात माझं लक्ष शकूकडे गेलं.

शकूने रवी टाकली होती. मान वळवून ती थेट गिरणीकडे बघत होती. भुवया वर. जणू घरातलं कोणीतरी न सांगता उठून गेलं. मग खालचा ओठ पुढे आला आणि तिने भोकाड पसरलं.

आमचे प्रोफेसर शिकवत, की कान हे नुसतं दार. आत मन नावाचा दारवान बसलेला असतो. दारावर धडका देणाऱ्या प्रत्येकाला तो आत घेत नाही, आणि रोज तोच माणूस तेच ओरडत आला तर मान वरसुद्धा करत नाही. हे मी पेपरात लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. माझ्या पोरीचा दारवान जन्मल्यापासून ठुक्-ठुक् ऐकत मोठा झाला. तवा, ताशा, सुरुंग, सगळे त्याच्या दृष्टीने गिरणीचे पाव्हणे. त्याला जागं करणारी एकच गोष्ट : गिरणीचं थांबणं. रोज रात्री तो तेवढंच तर सांगत होता. रोलरपाशीही तेच सांगितलं होतं.

"ऐकतेय!" मी म्हणाले. पण रडणाऱ्या पोराला ऐकू येतं याचा पुरावा काय? रावजीशेट साशंक. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात, यांनी (पुरुषांना शास्त्रीय प्रसंगीही भूक लागते) गुळाच्या डब्याचं झाकण हळूच उचकटलं. उंदराला ऐकू येईल एवढा आवाज. शकूचं रडणं मध्येच तुटलं. तिने कान टवकारले, वळली आणि गालांवर अश्रू तसेच ठेवून तरातरा स्वयंपाकघराकडे रांगत निघाली.

आळीने टाळ्या पिटल्या. बनुबाईने मला मिठी मारली. रावजीशेट "गिरनी निर्दोष! गिरनी निर्दोष!" म्हणून उपरणं उडवू लागले. मी शकूला उचलून अशी आवळली की ती गुळासाठी पुन्हा रडायला लागली.

आणि मग मी पाहिलं. मला बघत राहायची खोडच आहे. पोर झाल्यापासून तर माझे डोळे स्वस्थ बसत नाहीत. ठकूबाई वालाची टरफलं उकिरड्यावर टाकायला उठल्या होत्या. आमच्याकडे पाठ. दत्तारामने हाक मारली, "आये! बच्ची पास!"

ठकूबाई टरफलं झटकत होत्या.

"आये!" दत्ताराम मोठ्याने म्हणाला. माझ्या कडेवरच्या शकूने वळून त्याच्याकडे पाहिलं. उकिरड्यावरच्या कोंबडीने पाहिलं. ठकूबाईंनी नाही.

माझ्या डोळ्यांसमोरून कंदील गेला, हनुवटी धरणारा हात गेला, "चिडीचूप पोर" गेली, लक्ष्मी गेली. टोमणा नव्हता तो. कानाचं दार कधीचं बंद झालं होतं आणि या बाईचा दारवान उठून डोळ्यांच्या खिडकीत जाऊन बसला होता. सबंध महाडात ही एकच आळी अशी, जिथे दिवसभर सगळेच बहिरे असतात आणि सगळेच तोंडं बघून बोलतात. तिथे ती पहिल्या नंबराने पास होत आली होती. आणि मी ती गिरणी थांबवली होती.

दत्तारामच्या कपाळावर आठी पडली. तो आईकडे पाऊल टाकणार, एवढ्यात मी माझ्या सगळ्या शिक्षणाला न शोभणाऱ्या आवाजात ओरडले, "हैबती! गिरणी चालू कर! पोर थांबत नाहीये, चालू कर आधी!"

"आवो, आता तर बंद केली," रावजीशेट म्हणाले.

"गिरणीवाचून तिला चैन पडत नाही, दिसत नाही का तुम्हांला? करा चालू!" आणि शकूला, देव मला क्षमा करो, मी हळूच चिमटा काढला. तिने साथ दिली.

एक चाक मारताच कधी चालू न झालेलं ते इंजिन त्या दिवशी एका चाकात चालू झालं. ठुक्-ठुक्-ठुक्. भिंती हलल्या, डबे हलले, शकू गप्प झाली. दत्तारामने आईच्या खांद्याला हात लावला. ठकूबाई वळल्या, त्याच्या तोंडाकडे पाहून झकास हसल्या. "पास झाली ना? मी सांगत व्हते गुनाची हाय!" त्याने ओठांनी काहीतरी विचारलं, त्यांनी हाताने काहीतरी उत्तर दिलं, आणि त्याची आठी गेली. त्या आवाजात कोणाला कोणाचं काय ऐकू येणार होतं?

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "बोलले व्हते ना? परीक्षा एकाची."

मीही नुसत्या ओठांनी म्हणाले, "कोणी नापास नाही."

पुढे यांची बदली झाली, आम्ही अलिबागला आलो. शकू आता शाळेत जाते, फार बडबडते आणि पिठाच्या गिरणीशेजारीच अभ्यास चांगला होतो म्हणते. मी हे लिहिलंही नसतं. पण परवा बनुबाईचं पत्र आलं : महाडला आता वीज आली, रावजीशेट इंजिन काढून विजेची मोटर बसवताहेत, म्हणे आवाजसुद्धा येत नाही. सगळी आळी खूश आहे. ठकूबाईंबद्दल तिने एक ओळही लिहिली नाही.

म्हणून विनंती. गोव्याकडे, घाटाकडे, कुठेही जाताना तुमची गाडी महाडला थांबेलच. नाव मी बदललं आहे, तरी वाल सोलताना येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेली म्हातारी भातगिरणीसमोर तुम्हांला ओळखू येईल. मागून हाक मारू नका. समोर जा, उजेडात उभे राहा, तोंडात पान असेल तर थुंकून टाका, आणि विचारा, बऱ्या आहात ना. मुंबईचा तेल चोपडलेल्या भांगाचा कोणी आसपास दिसला, तर कृपा करून काहीतरी आपटा, पाडा, गाडीचा भोंगा वाजवा, पण शांतता होऊ देऊ नका.

आणि ओटीवर कोणीच नसेल, तर मला तेवढं कळवा.